निवृत्ती एकट्याची की दोघांची?



या सदरातून आपण मुलांची फी, मुलींचे शिक्षण, लग्नातला वायफळ खर्च अशा कितीतरी घरगुती विषयांवर बोलत आलो आहोत. आज माझ्याच घरातली एक गोष्ट सांगणार आहे. सांगताना थोडी लाज वाटते. पण घरातली चूक चारचौघांत कबूल केली की ती पुन्हा करायला माणूस धजत नाही, असा माझा अनुभव आहे.

लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये मी १९८४ साली खलाशी म्हणून लागलो आणि २०२२ साली फिटर म्हणून निवृत्त झालो. ३८ वर्षे आगगाडीच्या डब्यांखाली गेली. ब्रेक, स्प्रिंगा, चाके यांच्याशी माझी जन्माची ओळख. डब्यातल्या खिडकीशी मात्र फारशी नाही. शेवटच्या दिवशी सहकाऱ्यांनी हार घातला, शाल दिली, भाषणे केली. प्रत्येकाचे म्हणणे एकच, "आता आराम करा, खूप राबलात." मी हारासकट डिलाईल रोडच्या खोलीत आलो. आमच्या हिने शालीची घडी घालून ती ट्रंकेत ठेवली, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे फुले वाहिली, आणि पदर खोचून पुन्हा परातीपाशी जाऊन बसली. त्या संध्याकाळच्या तिच्या चाळीस चपात्या अजून लाटायच्या होत्या.

निवृत्त मी झालो होतो. ती झाली नव्हती. पण हे माझ्या लक्षात यायला आणखी दीड वर्ष लागले.

आमच्या घरातले लाटणे जुने आहे. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, वडिलांचा पगार थांबला, तेव्हा माझ्या आईने नोकरदार माणसांचे डबे करून घर चालवले. पुढे गिरण्या गेल्या, त्यांच्या जागेवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या कचेऱ्यांत काम करणारी, चार-चार जण मिळून खोली घेऊन राहणारी मुले आली. त्यांनाही चपाती लागतेच. आईचे लाटणे सुनेच्या हाती आले आणि तिथेच राहिले. मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न, सासूचे आजारपण, या सगळ्यात माझ्या पगाराच्या जोडीला त्या चपात्या होत्या. मी मात्र लोकांना सांगायचो, "आमची ही घरीच असते."

२०२३ च्या पावसाळ्यात तिच्या उजव्या हाताला रात्री मुंग्या येऊ लागल्या. हातातून वाटी सुटायची. डॉक्टरांनी तपासून सांगितले की मनगटातली नस दबली आहे. त्यांनी विचारले, "बाई, हाताला विश्रांती मिळते का?" त्यावर ही हसली. काही बोलली नाही, नुसती हसली. ते हसणे मला लागले. दवाखान्यातून परतताना पुलावर ती दम घ्यायला थांबली, तेव्हा मी म्हणालो, "अगं, आपण दोन दिवस कुठंतरी जाऊन येऊ."

ती म्हणाली, "कुणाकडं काय आहे?"

वाचकहो, या तीन-चार शब्दांत आमचा सगळा संसार आहे. रेल्वेचा नोकर म्हणून मला दरवर्षी पास मिळत होते. ते गेले कुठे? मामेभावाच्या लग्नाला, चुलत्याच्या पुण्यानुमोदनाला, मेहुणीच्या बाळंतपणाला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला. नागपूरला गेलो त्याचा आनंदच आहे. पण नातेवाईकांकडे जिथे जिथे गेलो तिथे मी ओसरीवर गप्पा मारत बसलो, आणि ही पिशवी ठेवून थेट चुलीपाशी गेली. गाडीत बसणे म्हणजे एका स्वयंपाकघरातून दुसऱ्या स्वयंपाकघरात जाणे, एवढाच तिचा प्रवास. म्हणून 'जाऊन येऊ' म्हटल्याबरोबर तिने लग्न आहे की मयत, एवढेच विचारले.

तेव्हा मला आमचे लग्न आठवले. १९८७ साली, नव्या नवलाईत, मी तिला मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, "तुला येवल्याला नेईन. बाबासाहेबांची घोषणेची भूमीही बघू आणि तुला पैठणीही घेऊ." मी हे विसरलो होतो. ती विसरली नव्हती. मी येवल्याचे नाव काढताच म्हणाली, "बाबासाहेबांनी येवल्याला १९३५ साली घोषणा केली आणि एकवीस वर्षांत नागपूरला ती पुरी करून दाखवली. तुमच्या घोषणेला छत्तीस वर्षं झाली."

यावर मी काय बोलणार?

येवला ठरवण्याचे आणखी एक कारण होते. तिथे आमचे एकही नातेवाईक नाही. आम्ही मूळचे कोकणातले. नाशिक जिल्ह्यात सोयरीक नाही. म्हणजे तिथे कुणी हिला "वहिनी, जरा भाकऱ्या टाकता का?" असे म्हणणार नव्हते. दिवसही मुद्दाम साधा निवडला. १३ ऑक्टोबरला तिथे मोठी गर्दी असते. ती गर्दी आपलीच आहे. पण त्या दिवशी आपण जातो ते अभिवादनाला, विश्रांतीला नव्हे. आम्ही डिसेंबरातला एक बुधवार धरला. निवृत्त कर्मचाऱ्याच्या पासावर जोडीदाराचेही नाव असते. त्यावर जाण्या-येण्याचे आरक्षण केले. चपातीवाल्या मुलांना आठ दिवस आधी सांगितले. त्यांतला एक मुलगा म्हणाला, "मावशी, तुम्ही सुट्टी घेता?" तो सहज बोलला, पण मला मात्र ऐकायला बरे वाटले नाही.

निघायच्या दिवशी पहाटे तीन वाजता मला जाग आली ती लाटण्याच्या आवाजाने. दिवा लावून ही बसली होती. दोन दिवसांच्या चपात्या, सुकी भाजी, चटणी, शिवाय मुलगा-सुनेसाठी कालवण. मी म्हणालो, "आपलं काय ठरलं होतं?" ती म्हणाली, "बाहेरचं खाणं तुमच्या पोटाला चालत नाही." खरे सांगतो, तोपर्यंत मला वाटत होते की तिला सुट्टी द्यायला मी तयार झालो की झाले. पण ज्या माणसाला सुट्टीची सवयच नाही, त्याला ती घेताही येत नाही. शेवटी कालवणाचे पातेले मी उतरवले आणि सुनेला उठवण्याऐवजी मुलाला उठवले. "आजपासून दोन दिवस हे घर तुझं," एवढेच त्याला सांगितले. तो डोळे चोळत उठला. त्याने कुरकुर केली नाही, हे त्याच्याबाजूने नोंदवतो.

करी रोडहून लोकलने दादर, आणि दादरहून नांदेडकडे जाणारी तपोवन एक्सप्रेस. हिला खिडकी दिली. कल्याण गेले, आसनगाव गेले, डोंगर दिसू लागले. सवयीने मी म्हणालो, "चहा आहे का गं?" आणि लगेच जीभ चावली. मीच उठून चहावाल्याला हाक मारली.

कसाऱ्याला गाडी थांबली. थळ घाट चढायचा तर पुढच्या एका इंजिनाने भागत नाही. मागून जादा इंजिने लावून गाडी वर ढकलतात. रेल्वेत त्यांना बँकर म्हणतात. घाट संपला की इगतपुरीला ती सुटी होतात आणि पुन्हा खाली येतात, पुढच्या गाडीला ढकलायला. हे मी हिला हौसेने समजावून सांगत होतो. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हणजे गाडी पुढच्या इंजिनाच्या नावानं ओळखली जाते, आणि चढवतं मागचं."

मी ३८ वर्षे रेल्वेत होतो. घाटाचा हा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता.

नाशिक रोड, निफाडकडची द्राक्षे, लासलगावचा कांदा असे करत मनमाड आले. मनमाडच्या फलाटावर मी हिला थोडा वेळ थांबवले. १९३८ च्या फेब्रुवारीत, १२ आणि १३ तारखेला, याच गावात जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी इथे स्पष्ट सांगितले. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो, वरची वाट त्याला बंद आहे, हेही त्यांनी मांडले. मी वर्कशॉपमध्ये हातात पाना घेऊन फिटर झालो, पेन्शन घेतो, पासावर फिरतो, याचे मूळ अशा परिषदांत आहे. हिने फलाटाकडे पाहून हात जोडले.

मनमाडहून येवला सुमारे २६ किलोमीटर. मनमाड-दौंड मार्गावर येवल्याला रेल्वे स्टेशन आहे, पण आमच्या वेळेला गाडी नव्हती, म्हणून एस.टी.ने गेलो. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. ६५ वर्षे पुरी झालेल्या पुरुषांनाही अर्धे आहे, पण मी तेव्हा ६१ चा. हिचे अर्धे, माझे पूर्ण. ती तिकिटे हातात धरून हसत होती. अनकाई-टनकाईचे डोंगर मागे पडले आणि गाव आले.

येवला हे मागांचे गाव. गल्लीतून चालताना घराघरातून खटखट ऐकू येते. आम्ही स्टँडजवळ एका साध्या लॉजवर पिशव्या ठेवल्या, खानावळीत जेवलो. हिने ताटातली चपाती उलटून-पालटून पाहिली आणि म्हणाली, "जरा जाड आहे, पण आयती आहे." त्या ताटातले तिने काही टाकले नाही.

दुपारी एका विणकराच्या घरी माग पाहिला. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणकर बसलेला, पुढे ताणलेले रेशमी उभे धागे. पदरावरचा मोर छापत नाहीत की भरतही नाहीत. रंगारंगाच्या छोट्या कांड्या हाताने फिरवत तो धाग्याधाग्याने विणतात. साध्या पैठणीला काही आठवडे लागतात, भरलेल्या पदराला महिनोन्महिने. विणकराची बायको शेजारी बसून कांड्या भरत होती. हिची आणि तिची लगेच गट्टी जमली. हिने विचारले, "ताई, तुम्हाला सुट्टी कधी असते?" ती म्हणाली, "माग त्यांच्या नावावर, कांड्या माझ्या. त्यांना सुट्टी असली तरी कांड्या भरायच्या राहतातच." दोघी हसल्या. मी आणि तो विणकर एकमेकांकडे पाहत राहिलो.

मग त्या बाईने हिला मागावर बसवले. "लावा हात, काही होत नाही." हिने त्या धाग्यावरून बोट फिरवले, आणि मला माझे आजोबा आठवले. ते गिरणीत त्रासन खात्यात होते. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला मज्जाव. कारण धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या तोंडाचा धागा इतरांना बाटवी. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला, तोपर्यंत कामगारांच्या पुढाऱ्यांनाही तो महत्त्वाचा वाटला नव्हता. आणि इथे त्याच आजोबांची नातसून मागावर बसली होती, आणि विणकराची बायको तिला म्हणत होती, "काही होत नाही."

पैठणीचे काय झाले, हे विचाराल. मी पैसे बरोबर नेले होते. हिने तीन-चार साड्या उलगडून पाहिल्या, एक अंगाला लावून आरशात पाहिली, आणि घडी करून परत दिली. बाहेर आल्यावर मी विचारले, "का गं? आवडली नाही?"

"आवडली. पण ती घेऊन मी ट्रंकेतच ठेवणार, तुमच्या शालीजवळ. त्यापेक्षा मला दर वर्षी असे दोन दिवस द्या."

मी हो म्हणालो. तेवढ्यावर ती थांबली नाही. "आणि दोन दिवस झाले की उरलेले तीनशे त्रेसष्ट त्याच परातीपाशी, असं नको," म्हणाली.

संध्याकाळी मुक्तिभूमीवर गेलो. साधा दिवस, माणसे तुरळक. विहारात बुद्धमूर्तीसमोर आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले आणि बाहेर पायरीवर बसलो. काही बोललो नाही. थंडी पडू लागली तशी तिने माझ्याकडून मफलर मागून घेतला. किती तरी वर्षांत तिने माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितले, असे मला आठवत नाही. त्या रात्री लॉजवर ती नऊला झोपली आणि सकाळी सातला उठली. हाताला मुंग्या आल्याचे तिने सांगितले नाही, मी विचारले तेव्हा म्हणाली, "आल्या असतील. कळलं नाही." दुसऱ्या दिवशी परतीची गाडी पकडून रात्री दादरला उतरलो.

आता यातून काय घ्यायचे?

१९४६ साली, बाबासाहेबांकडे मजूर खाते असताना, कारखान्यांचा कायदा बदलला आणि कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. विश्रांती ही मालकाची मेहरबानी नसून कामगाराचा हक्क आहे, हे त्यामुळे पक्के झाले. तो हक्क मी ३८ वर्षे भोगला. पण माझ्या घरात एक कामगार अशी होती की जिला भोंगा नव्हता, पाळी नव्हती, आठवड्याची रजा नव्हती. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली देशभर पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते, आणि असे काम करणारा पुरुष ८८ मिनिटे, असे दिसले. २८९ मिनिटे म्हणजे पावणेपाच तासांच्या वर, आणि त्यात रविवार नाही. चपात्या लाटून मिळवलेला पैसा त्याहून वेगळा.

म्हणून निवृत्त झालेल्या आणि होऊ घातलेल्या माझ्या भावांना चार गोष्टी सांगतो. गाव असे निवडा की जिथे नातेवाईक नाहीत. दिवस सणाचा किंवा जयंतीचा नको. साधा, मधला वार घ्या, म्हणजे गाडीत जागा मिळते आणि लॉजचे भाडेही हलके पडते. रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा ती धरून हिशेब करू नका. पण दिवसाच्या गाडीचा दुसरा वर्ग आपल्याला परवडतो, आणि पुढे एस.टी. आहेच. औषधाच्या गोळ्या आणि आधार कार्ड तुम्ही स्वतः पिशवीत भरा, "माझी गोळी कुठंय?" हा प्रश्न दोन दिवस तरी बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचे, वाटेतला डबा तिला पहाटे उठून करायला लावू नका. दादरच्या फलाटावरचा वडापाव एखादे दिवशी खाल्ला तर कुणी मरत नाही.

सुना-मुलांनाही सांगणे आहे. आईवडील निघाले की "आमचं जेवण कोण करणार?" असे विचारू नका. तो प्रश्न ऐकूनच आई पिशवी खाली ठेवते.

आम्ही शब्द पाळतो आहोत. २०२४ च्या डिसेंबरात लोणावळ्याच्या पुढे मळवलीला उतरून भाजे लेणी पाहिली. हळूहळू पायऱ्या चढलो, दोन हजार वर्षांपूर्वीच्या चैत्यात बसलो. चपात्या आता निम्म्या केल्या आहेत, आणि कणीक मी मळतो. पहिल्या आठवड्यात ती कधी सैल, कधी दगड. आता बरी होते. रविवारी सकाळचा स्वयंपाक मुलगा आणि मी मिळून करतो. हिच्या हाताला पुष्कळ उतार आहे.

आपल्या डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींच्या जागी नव्या इमारती होणार आहेत. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आपलीही पाळी येईल. १६० चौरस फुटांच्या खोलीतून आपण ५०० चौरस फुटांच्या घरात जाऊ. त्या घराचे स्वप्न रंगवत एका संध्याकाळी मी हिला म्हणालो, "मोठं स्वयंपाकघर मिळेल तुला."

ती म्हणाली, "स्वयंपाकघर दोघांचं. मला खिडकी द्या."

कणीक मळताना मला ते वाक्य आठवते. बंधूंनो, तुमच्या घरी निवृत्तीची शाल ट्रंकेत असेल, तर ती आज बाहेर काढा आणि जिच्यामुळे ती मिळाली तिच्या खांद्यावर घाला. थंडी पडली की दोघे मिळून गाडीत बसा. आणि खिडकी तिला द्या.

जयभीम!